थेंब थेंब वाचवताना

आमच्या घरात टूथपेस्टची ट्यूब "संपली" असं कोणी जाहीर केलं की ती आधी माझ्याकडे येते. मी ती कात्रीने मधोमध कापते आणि त्यातून अजून दोन-तीन दिवस सगळ्यांचे दात घासून होतात. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायची, तेलाचं पाकीट रात्रभर डब्यावर उलटं टांगून ठेवायचं, पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवायच्या... शाळामास्तरणीच्या पगारात दोन मुलं वाढवलेल्या बाईला हे वेगळं शिकावं लागत नाही. त्याची लाजही नाही वाटत. उलट थोडा ताठाच आहे म्हणा ना!

आज जे सांगायचं आहे ते या ताठ्याबद्दलच आहे. विषय मात्र ऐकाल तर हसाल: कॉन्टॅक्ट लेन्स आणि तिचं ते सोल्यूशन. म्हणाल, सत्तरी उलटलेल्या बाईचा आणि कॉन्टॅक्ट लेन्सचा काय संबंध? आहे, संबंध आहे.

मुलगा नोकरीनिमित्त चंद्रपूरला, आणि नात इंजिनीअरिंगला नागपुरात, म्हणून ती माझ्याकडे राहते. तिला सातवीपासून चष्मा. पहिल्या वर्षाला असताना तिने बापाच्या मागे लागून लेन्स घेतल्या. मी काही बोलले नाही, कारण चष्म्याचं दुःख मला माहीत आहे. माझा बघण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा आईने चष्मा काढून कपाटात ठेवून दिला होता. पोह्यांचा ट्रे घेऊन मी बाहेर आले तर समोर चार पांढरे सदरे! त्यातला नवरामुलगा कोणता हे कळेना. नशिबाने पहिली बशी ज्यांच्यापुढे ठेवली ते सासरे निघाले आणि "मुलीला वडीलधाऱ्यांची जाण आहे" म्हणून पसंती आली. असो. तर नातीने लेन्स घेतल्या याचा मला आनंदच झाला होता.

बाप तिला महिन्याला ठरावीक पैसे पाठवतो. त्यात बसची, झेरॉक्सची, तर्री-पोह्यांची आणि सोल्यूशनच्या बाटलीची तोंडमिळवणी तिने करायची. एके रात्री मी पाहिलं, ती लेन्स काढून डबीत ठेवत होती. डबीत कालचं सोल्यूशन तसंच होतं, त्यावर तिने बाटलीतून दोन-दोन थेंब टाकले आणि झाकणं लावली. मी विचारलं, "एवढंसंच?" तर म्हणाली, "आजी, एक बाटली दोन महिने पुरवते मी! माझ्या मैत्रिणींना महिनाभरसुद्धा पुरत नाही."

आणि मी काय केलं? कौतुक केलं! दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या बहिणीला फोनवर सांगितलं, "पोरगी अगदी माझ्यावर गेली बघ."

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. नागपूरचा मे म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. पारा पंचेचाळीसच्या वर, दिवसभर कूलरचा वारा तोंडावर, डोळे असेही चुरचुरतातच. सकाळी उठली तर उजवा डोळा लाल. मला वाटलं ऊन लागलं, किंवा डोळे आले असतील. गुलाबपाण्याची पट्टी ठेवली. दुपारी पेपर होता, तर तिने तीच लेन्स पुन्हा घातली आणि गेली. दुसऱ्या दिवशी उजेड सहन होईना, खिडकीला चादर लावून बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाहून म्हणाली, "आजी, बुबुळावर पांढरं काहीतरी आहे गं." तेव्हा माझे पाय गळाले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रातून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "लेन्सची डबी आणली आहे का?" मला आश्चर्य वाटलं. डोळा दाखवायला आलो, डबी कशाला? डबी घरून मागवली. बुबुळावरून खरवडून नमुना घेतला, डबीतलंही पाणी घेतलं, दोन्ही तपासणीला गेलं. दोन्हीकडे एकच जंतू निघाला. स्यूडोमोनास त्याचं नाव. हा ओलाव्यात सुखाने राहतो म्हणे, आणि बुबुळावर बसला की दोन-चार दिवसांत भोक पाडण्यापर्यंत मजल मारू शकतो.

मग तासातासाला थेंब, दिवसा आणि रात्रीही. मी गजर लावून उठायची. पहाटे तीनला, चारला, पाचला. ती झोपेत कण्हायची, मी पापणी उघडून थेंब सोडायची. एवढीशी बाटली, किती जपून एकेक थेंब सोडायचा... आणि मनात सारखं तेच, की ज्या थेंबांच्या बचतीचं मी कौतुक केलं ते हेच!

डोळा वाचला. बुबुळाच्या कडेला एक बारीकसं फूल राहिलं आहे, मधोमध नाही हे नशीब. रात्री समोरून गाडी आली की त्या डोळ्याला दिव्याभोवती कडं दिसतं असं ती सांगते. दोन पेपर बुडाले, ते नंतर दिले. औषधांचा, तपासण्यांचा खर्च मी वहीत मांडला तेव्हा लक्षात आलं की तेवढ्या पैशांत तिला तीन वर्षं भरपूर सोल्यूशन आलं असतं.

हे सगळं रडगाणं गाण्यासाठी लिहीत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. काटकसर वाईट असं मी मेले तरी म्हणणार नाही. पण काटकसर कुठे करायची हे वस्तू कशी चालते ते समजल्याशिवाय कळत नाही, आणि आम्ही दोघी ते समजून न घेता बचत करत होतो.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला माझ्या स्वयंपाकघराच्या भाषेत असं कळलं. कालच्या दह्याचं चमचाभर भांड्यात राहिलं आणि त्यावर ताजं दूध ओतलं तर सकाळी काय होतं? दहीच होतं! दूध कितीही ताजं असो. लेन्सच्या डबीतलं कालचं सोल्यूशन म्हणजे विरजण. त्यातलं जंतू मारणारं औषध रात्रभरात खर्ची पडलेलं असतं, आणि जंतू मात्र डबीच्या कोपऱ्यात बुळबुळीत थर धरून बसलेले असतात. वरून टाकलेले दोन थेंब त्या पाण्यात विरून जातात. आयुष्यभर रोज रात्री विरजण लावणाऱ्या बाईला हे आपणहून सुचू नये, याचं मला अजून वाईट वाटतं.

घरी आल्यावर मी एक उद्योग केला. औषधाची सिरिंज घेतली आणि डबीची एक वाटी भरायला किती लागतं ते मोजलं. तीन एमएल. दोन वाट्यांचे सहा. लेन्स तळव्यावर चोळून धुवायला अजून तीन-चार. म्हणजे नीट केलं तर रात्रीचे साधारण दहा एमएल. आता १२० एमएलची बाटली किती दिवस पुरेल? माझ्या पाचवीतल्या पोरांनीसुद्धा सांगितलं असतं: बारा. आमची नात ती साठ दिवस पुरवत होती, म्हणजे रोजचे दोन एमएल!

ती बाटली दोनशे रुपयांच्या आसपास मिळायची. म्हणजे रात्रीचे सोळा-सतरा रुपये, महिन्याचे पाचशे. मोठी बाटली घेतली तर एमएलमागे भाव उतरतो, तरी खर्च आहेच. आता मला सांगा, बर्डीवरच्या किंवा धरमपेठेतल्या कोणत्या दुकानात लेन्स घेताना हा हिशोब कोणी मांडून दाखवतं? लेन्सची किंमत सांगतात, सोबत एक छोटी बाटली आणि डबी देतात, आपण खूश. घोडा घेताना चारा कोणी विचारत नाही. आणि मग तो खर्च अंगावर आला की वीस वर्षांची मुलं आपल्या परीने मार्ग काढतात. कोणी जुन्यात नवं ओततं, कोणी महिन्याची लेन्स तीन महिने घालतं, कोणी सोल्यूशन संपलं म्हणून डबीत फिल्टरचं पाणी भरतं. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी तर मला सल्ला दिला होता, "उकळलेल्या पाण्यात मीठ घालून घरीच करा हो, त्यात काय एवढं!" हा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे. १९८० च्या दशकात तिथे मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून लोक घरीच लेन्सचं पाणी करत आणि त्यातून अकँथमिबा नावाच्या अमिबाने कित्येकांच्या बुबुळांची वाट लावली. तो नळाच्या पाण्यात असतो, गच्चीवरच्या टाकीत असतो, तलावात असतो. म्हणून लेन्सला पाणी लागूच द्यायचं नाही. आंघोळीच्या आधी काढायची, पोहायला जाताना तर नाहीच घालायची. आणि मिठाचं पाणी, मग ते दुकानातलं निर्जंतुक सलाईन का असेना, लेन्स धुवायला चालतं, जंतू मारायला नाही.

कंपन्याही काही धुतल्या तांदळासारख्या नाहीत बरं का. २००६ साली बॉश अँड लॉम्बला रेनू विथ मॉइश्चरलॉक नावाचं सोल्यूशन जगभरातून परत घ्यावं लागलं, ते वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत फ्युसॅरियम नावाची बुरशी सापडू लागली म्हणून. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, दुसऱ्या एका कंपनीचं कम्प्लीट मॉइश्चरप्लस परत घेतलं गेलं, तेव्हा कारण होतं वर सांगितलेला तो अमिबा. त्या वेळच्या तपासात असंही दिसलं की डबीतल्या जुन्यात नवं ओतणाऱ्यांना धोका अधिक होता. त्याआधी "चोळायची गरज नाही, नुसती बुडवून ठेवा" अशा जाहिराती चालायच्या, नंतर तज्ज्ञांनी पुन्हा चोळायला सांगितलं. आमच्या आजीने तांब्याची भांडी चिंचेने घासताना हेच सांगितलं असतं, बुडवून ठेवून भांडं निघत नसतं.

मग पैसे वाचवायचेच नाहीत का? वाचवायचे ना! पण मोठ्या ठिकाणी हात घालून. नात बरी झाल्यावर आम्ही दोघी टेबलाशी वही घेऊन बसलो. तिने लेन्सचा खर्च मांडला आणि मी प्रश्न विचारत गेले. आठवड्यातले किती दिवस लेन्स खरोखर लागतात? आधी म्हणाली रोज. मग म्हणाली कॉलेजचे पाच. मग विचार करून म्हणाली, "खरं तर दोनच गं. कार्यक्रम असला, बाहेर जायचं असलं की." बाकीचे दिवस चष्मा! आठवड्याला दोनदाच घालायच्या तर महिन्याची लेन्स परवडतच नाही, कारण तिचे तीस दिवस पाकीट फोडल्यापासून मोजायचे असतात, घातलेल्या दिवसांनी नाही. हे आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं. वर बाटलीही उघडल्यापासून साधारण तीन महिन्यांत टाकायची, म्हणजे कधीमधी घालणाऱ्याने मोठी बाटली स्वस्त म्हणून घेतली तर निम्मी मोरीत. तिने एकदाच घालून फेकायच्या लेन्सचा भाव काढला. जोडीमागे महाग दिसतात खऱ्या, पण सोल्यूशन नाही, डबी नाही. महिन्याला आठ-नऊ जोड्यांचा हिशोब सोल्यूशनसकट महिन्याच्या लेन्सपेक्षा कमी आला. रोज घालणाऱ्याचं गणित वेगळं येईल, त्याने आपलं आपण मांडावं.

आणखी एक. लेन्सचा नंबर म्हणजे चष्म्याचा नंबर नव्हे. नंबर मोठा असला की दोन्हींत फरक पडतो, शिवाय लेन्सची गोलाई आणि व्यासही असतो. नातीच्या एका मैत्रिणीने चष्म्याच्या चिठ्ठीवरून ऑनलाइन सहा लेन्स मागवल्या, त्या तशाच पडून आहेत. तपासणीचे पैसे वाचवायला गेली आणि डबाच फुकट गेला. नीट तपासून, लेन्सची चिठ्ठी मागून घ्यावी आणि मग चार ठिकाणी भाव करावा. डब्यात सहा लेन्स असतात, दोन्ही डोळ्यांचा नंबर एकच असेल तर तीन महिन्यांची सोय, वेगळा असेल तर दोन डबे आणि सहा महिने. त्याहून जास्त साठा वाढत्या वयाच्या मुलांसाठी करू नये, नंबर बदलतो. रंगीत लेन्सबद्दल मी काही बोलणार नाही, फक्त गरब्याच्या दिवसांत मुली एकमेकींच्या लेन्स घालून बघतात असं नात म्हणाली तेव्हा मला कसंसंच झालं. एकमेकींचा टूथब्रश घालाल का तोंडात?

या सगळ्या भानगडीत एक मजेची गोष्ट वाचायला मिळाली. ही मऊ लेन्स जन्माला आली तीच मुळी घरगुती काटकसरीतून! ओटो विख्टर्ले नावाचे एक चेक रसायनशास्त्रज्ञ. मऊ, पाणी शोषणाऱ्या प्लास्टिकची लेन्स करायची त्यांची कल्पना, पण सरकारी यंत्रणेने काम पुढे चालवण्यात रस दाखवला नाही. तर या गृहस्थाने १९६१ च्या नाताळात घरच्या टेबलावर मुलाच्या मेकॅनोसारख्या खेळण्याचे तुकडे आणि सायकलचा डायनामो जोडून गरगर फिरणारं यंत्र बनवलं आणि पहिल्या चार लेन्स काढल्या. वाचून मला इतकं बरं वाटलं! विज्ञान शिकवायच्या आमच्या सरांना हे सांगायला हवं होतं, ते टाकाऊतून टिकाऊवाले. ही काटकसर मला मान्य आहे. माणसाने डोकं लढवून वस्तू करण्याचा खर्च उतरवला, वापरणाऱ्याने धोका पत्करून नव्हे.

माझ्या स्वतःच्या डोळ्यात तर तशीच एक लेन्स बसलेली आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात घालतात ती. एके काळी ही लेन्स परदेशातून यायची आणि गरिबाला परवडायची नाही. मदुराईला डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं, आणि १९९२ मध्ये त्याच संस्थेने ऑरोलॅब काढून या लेन्स भारतातच बनवायला घेतल्या. किंमत कितीतरी पटीने खाली आली. तिथे कोणी "अर्धी लेन्स बसवू, तेवढंच वाचेल" असं म्हटलं नाही! आता २२ सप्टेंबर २०२५ पासून कॉन्टॅक्ट लेन्सवरचा जीएसटीही बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे, ते चांगलंच झालं. सोल्यूशन मात्र कराच्या पुस्तकात अत्तरं आणि सौंदर्यप्रसाधनांच्या प्रकरणात बसवलेलं असतं. जंतू मारायच्या औषधाला पावडर-क्रीमच्या रांगेत कोणी उभं केलं कोण जाणे. माझं मत विचाराल तर सरकारने आणि कंपन्यांनी मिळून ही बाटली स्वस्त करावी, आणि दुकानदाराने लेन्स विकताना वर्षभराच्या सोल्यूशनचा आकडा बिलाच्या मागे लिहून द्यावा. तो आकडा पाहून ज्याला परवडणार नाही तो चष्म्यावर राहील, आणि चष्म्यावर राहण्यात काहीच वाईट नाही. माझं काय वाईट झालं?

नातीला मी रागावले नाही. कोणत्या तोंडाने रागावणार होते? एकदा रात्री थेंब घालताना तीच म्हणाली, "आजी, तू रडू नको ना, तुझे थेंब माझ्या डोळ्यात पडतील." असली पोरगी आहे.

आता लग्नकार्य, परीक्षा-बिरीक्षा असली की रोजच्या रोज फेकायची लेन्स, एरवी चष्मा. मागे बहिणीच्या नातीचं लग्न आठवडाभर चाललं तेव्हा हिने महिन्याची एक जोडी आणली होती, तेव्हा रोज रात्री मी शेजारी उभी राहून पाहिलं. हात साबणाने धुऊन कोरडे, डबीतलं जुनं सगळं मोरीत, नवं काठोकाठ. मोरीत ते पाणी जाताना माझ्या पोटात अजूनही कालवतं हे खरं. डबी तीन महिन्यांनी बदलायची म्हणून कालनिर्णयवर खूण केली होती. नव्या बाटलीबरोबर नवी डबी फुकटच येते, तेव्हा तिथे बचतीचा प्रश्नच नाही.

जुन्या डब्या मात्र मी फेकू दिल्या नाहीत. गरम पाण्याने धुऊन वाळवल्या आणि त्यात माझ्या कानातल्या कुड्या ठेवते. डावी डाव्या वाटीत, उजवी उजव्या.